धरमपेठेतलं घर: मोझॅक झालं, जाळी वाचली

जुन्या घराच्या डागडुजीच्या या टप्प्यात हॉलची फरशी पूर्ण झाली आणि जिन्याची जाळी वाचली. स्वयंपाकघराला अजून हात लागलेला नाही. नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: घर नागपुरातलं, १९५८ चं. मध्य प्रदेशची राजधानी इथून भोपाळला गेल्यानंतरचं, महाराष्ट्र व्हायच्या आधीचं. सपाट स्लॅब, लांब छज्जे, जिन्याला सिमेंटची जाळी आणि हॉलमध्ये जागेवरच ओतलेलं मोझॅक.

तडे गेलेल्या फरशीबद्दल मिस्त्रींचा सल्ला ठरलेला होता, "काऊन एवढी घासाघीस करता जी? वरून टाईल मारू, काम खतम." पण वरून टाईल मारली की मसाल्यासकट जवळपास इंचभर उंची चढते. मग दारं खालून कापा, उंबरठा बुडवा, जिन्याची पहिली पायरी बुटकी करा. सीपी टीकच्या (जुन्या मध्य प्रांतातल्या सागवानाच्या) दारांना करवत लावायला मी तयार नव्हतो.

फरशीचे चौकोन काचेच्या पट्ट्यांनी वेगळे केलेले आहेत, म्हणून तडा गेला तो बहुतेक ठिकाणी एकाच चौकोनात अडला. खरी मेहनत रंग जुळवण्यात गेली. पांढऱ्या सिमेंटमध्ये पिवळा रंग कमी-जास्त घालून, हिरवट आणि काळी खडी मिसळून छोट्या वड्या पाडल्या. वडी घासल्याशिवाय खडी उघडी पडत नाही, त्यामुळे न घासलेला नमुना बघून रंग ठरवू नका. घासायची, ओली करायची आणि जुन्या ओल्या फरशीशेजारी ठेवून दिवसाउजेडी बघायची. पसंत पडलेलं मिश्रण भरून आठवडाभर पाणी मारलं. मग जाड दगडाची घासाई, बारीक भोकं बुजवायला त्याच रंगाची सिमेंटची खीर, ती मुरल्यावर बारीक नंबरचे दगड आणि शेवटी ऑक्झॅलिक पावडर. आरशासारखी चमक मुद्दामच घेतली नाही, जुन्या घरात ती नटवी दिसते.

दोन सूचना. घासताना निघणारा लगदा मोरीत सोडू नका, पाइपमध्ये तो दगड होऊन बसतो. आणि डाग काढायला कोणी बाथरूमचं ॲसिड घेऊन आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. खडी संगमरवराची असते, ॲसिड तिला खातं.

जाळीवरून घरातच वाद झाला. धूळ येते हे खरं, आणि आईचं म्हणणं होतं काच लावून टाक. पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की आमचा हॉल कूलरवरच चालतो. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तिला निघायला वाट नसेल तर खोली नुसती चिकचिकते. ती वाट म्हणजे ही जाळी आणि छताखालचे झरोके. तोडगा असा निघाला की जाळीच्या आतून बारीक स्टीलच्या जाळीची चौकट बसवली. ती चार फिरकींवर आहे, काढून धुता येते, आणि रस्त्यावरून दिसतही नाही. एसी फक्त एका बेडरूममध्ये येणार. तिथले झरोके बुजवणार नाही, त्यांच्या फिरत्या तावदानांना रबराची पट्टी लावून घट्ट करणार आहे.

पुढचं काम लोखंडी खिडक्यांचं. गंज खरवडायचा, वाळून कडक झालेली पुट्टी काढायची. मूळ पितळी कड्या काही ठिकाणी गायब आहेत, त्यांच्या जोडीच्या कड्या सध्या इतवारीच्या बाजारात शोधतोय.