ऐकलेल्या गोष्टीची शहानिशा

मध्ययुगीन इस्लामी विचारवंतांचा विषय निघाला की बहुतेक वेळा शोधांची यादी पुढे केली जाते: बीजगणित, प्रकाशशास्त्र, शस्त्रक्रियेची उपकरणे. ती यादी खोटी नाही, पण तिचा उपयोग अभिमान बाळगण्यापलीकडे फारसा होत नाही, असे मला वाटत आले आहे. दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट खरी मानण्यापूर्वी ती कशी पारखावी, याचा या मंडळींनी जो खोलवर विचार केला, तो मला त्यांच्याकडून आज घेण्यासारखा सर्वांत मोलाचा वारसा वाटतो. दिवसभर हातातल्या फोनवर कुणी ना कुणी काहीतरी पुढे ढकलत असते आणि त्यातल्या एखाद्या मजकुरावरून माणसे एकमेकांच्या जिवावर उठतात, अशा काळात या विचाराची निकड मला फार जाणवते.

या बाबतीत मी सर्वाधिक ऋणी आहे तो इतिहासकार इब्न खल्दून यांचा. त्यांचा जन्म १३३२ सालचा, ट्युनिसचा. प्लेगच्या साथीत आईवडील गेले, पुढची अनेक वर्षे निरनिराळ्या दरबारांच्या राजकारणात गेली, आणि अखेर आजच्या अल्जीरियातील एका आडबाजूच्या गढीत राहून त्यांनी १३७७ मध्ये ‘मुकद्दिमा’ लिहून काढला. जगाच्या इतिहासाची ही प्रस्तावना, पण तिची सुरुवातच इतिहासकार कुठे आणि का चुकतात या प्रश्नाने होते. त्यांनी घेतलेले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. मूसा (मोझेस) या प्रेषितांनी वाळवंटात इस्रायलींची गणती केली तेव्हा शस्त्र धरू शकणारे सहा लाखांहून अधिक पुरुष निघाले, असे अल-मसूदी यांच्यासारख्या नामांकित इतिहासकाराने नोंदवले होते. इब्न खल्दून त्यावर साधे हिशेब मांडतात. एवढे सैन्य रणांगणावर उभे केले तर त्याची रांग नजरेच्या टप्प्याच्या कितीतरी पलीकडे जाईल आणि एका टोकाला काय चालले आहे ते दुसऱ्या टोकाला कळणारही नाही, मग ते लढणार कसे? शिवाय इस्रायलींचे मूळपुरुष याकूब आणि मूसा यांच्यात पिढ्या मोजक्याच होत्या. याकूबांबरोबर मिसरमध्ये (इजिप्तमध्ये) आलेल्या सत्तर माणसांचा विस्तार तेवढ्या पिढ्यांत इतका होईल कसा? पुढे ते असेही सांगतात की आपल्याच काळातल्या फौजांचे आणि महसुलाचे आकडे लोक मनाला येतील तसे फुगवतात, आणि प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडे चौकशी केली तर त्याचा दहावा हिस्साही हाती लागत नाही. एखाद्या सभेची गर्दी किंवा एखाद्या समाजाची लोकसंख्या सांगणारा आकडा समोर आला की मला हटकून हा परिच्छेद आठवतो.

खोट्या बातम्या का पसरतात याची त्यांनी दिलेली कारणे तर आज लिहिल्यासारखी वाटतात. एखाद्या मताचा किंवा पंथाचा पक्ष घेतला की त्याला पोषक असलेली बातमी माणूस तत्काळ स्वीकारतो. सांगणाऱ्यावर विसंबून राहण्याची सवय असते. बड्या लोकांची मर्जी संपादायची असते. पण त्यांच्या मते सर्वांत मोठे कारण निराळे आहे: समाज कसा चालतो, काय शक्य असते आणि काय नसते, याचेच ज्ञान नसणे. सांगणारा भला आहे की लबाड हे पाहण्याआधी ती गोष्ट मुळात घडू शकते का हे पाहावे, असा त्यांचा आग्रह आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाठवले म्हणून मजकुरावर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी यापेक्षा उपयुक्त सल्ला मला माहीत नाही, कारण यात वडीलधाऱ्यांचा अवमानही होत नाही.

त्यांचे सगळेच मान्य करावे असे मात्र नाही. हवामानावरून माणसांचा स्वभाव ठरवताना त्यांनी काळ्या वर्णाच्या लोकांविषयी जे लिहिले ते अन्यायकारक आहे, आणि त्यांचीच कसोटी त्या पानांना लावली तर ती टिकत नाहीत.

त्यांच्या तीन शतके आधी विद्वान अल-बिरुनी यांनी भारतावरचा ग्रंथ लिहिला, तोही ऐकीव माहिती आणि डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट यांतील फरकापासून सुरू होतो. कुणी स्वार्थासाठी खोटे सांगतो, कुणी द्वेषापोटी, कुणी भीतीने, आणि कुणी केवळ दुसऱ्याचे ऐकून, अजाणतेपणी. परक्या धर्माविषयी लिहिताना त्यांनी संस्कृत शिकून मूळ ग्रंथ गाठले आणि हिंदूंचे म्हणणे हिंदूंच्याच शब्दांत द्यायचे ठरवले. गझनीच्या महमूदाच्या राज्यात राहूनही त्याच्या स्वाऱ्यांनी या देशाची समृद्धी धुळीला मिळवली, हे त्यांनी लिहून ठेवले, याचा मला विशेष आदर वाटतो.

विरोधकाला आधी नीट समजून घेण्याची हीच शिस्त धर्मशास्त्रज्ञ अल-गझाली यांच्यातही दिसते. त्यांना ग्रीक विचारांच्या वाटेने जाणाऱ्या तत्त्वज्ञांचे खंडन करायचे होते. पण एखादे मत समजण्याआधी खोडणे म्हणजे अंधारात बाण मारणे, असे मानून त्यांनी बगदादला तीनशे विद्यार्थ्यांना शिकवत उरलेल्या वेळात सुमारे दोन वर्षे तत्त्वज्ञांचे ग्रंथ वाचले, आणि त्यांचे सिद्धान्त मांडणारा एक स्वतंत्र ग्रंथही लिहिला. त्यांनी तत्त्वज्ञांना तीन प्रश्नांवर थेट धर्मबाह्य ठरवले, ते मला पटत नाही. पुढे स्पेनमधील कॉर्डोबाचे तत्त्वज्ञ इब्न रुश्द यांनाही ते पटले नाही, आणि त्यांनी गझालींना ग्रंथानेच उत्तर दिले: आधी गझालींचा उतारा जसाच्या तसा, मग त्यावरचे आपले म्हणणे, आणि हा क्रम एकामागून एक वीस वादविषयांत.