तुम्ही विचारलंत म्हणून: बाई चेंडू का फेकतात?

नव्याने शिकवायला लागलेली मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास येतो. मी विज्ञान शिकवते आणि चांगल्या मोठ्या वयात जगलिंग शिकले, म्हणजे तीन चेंडू एकामागून एक फेकत-झेलत हवेत फिरवत ठेवायला शिकले, हे त्यांच्या कानावर आलेलं असतं. मग विचारतात, "मॅडम, मुलांना वर्गात गुंतवून ठेवायला आम्हीही असं काहीतरी शिकावं का?" त्यांच्या डोळ्यांपुढचं चित्र मला दिसतं: वर्ग पेंगायला लागला की बाई पिशवीतून चेंडू काढतात, पोरं टाळ्या वाजवतात आणि धडा झोकात पुढे सरकतो.

शिका, जरूर शिका. फक्त मुलांना करून दाखवण्यासाठी शिकू नका. दाखवण्याचा असर जेमतेम दोन मिनिटं टिकतो. तिसऱ्या मिनिटाला मागच्या बाकावरून "बाई, चार येतात का?" असं येतं आणि तिथून पुढे तुम्ही कलाकार, मुलं प्रेक्षक. प्रेक्षकाला आवडलं-नावडलं एवढंच ठरवायचं असतं, बाकी काही करायचं नसतं. मला वर्गासाठी जे मिळालं ते चेंडू हातात बसायला लागले त्यानंतर मिळालेलं नाही. ते पडत होते, त्या काळात मिळालं.

शिक्षकाची एक अडचण असते. आपला विषय आपल्याला येऊन इतकी वर्षं झालेली असतात की तो न येणं म्हणजे आतून काय असतं, ते आठवतच नाही. वेग आणि त्वरण (म्हणजे वेग बदलण्याचा दर) यांत माझाही कधीतरी गोंधळ झाला असणार. पण तो कसा झाला आणि कशाने सुटला, हे आता काही केल्या सांगता येत नाही. म्हणून मला असं काहीतरी शिकायचं होतं की जिथे माझं वाचन, पदवी, फळ्यासमोर उभं राहण्याची सवय यांतलं काहीच कामाला येणार नाही. खेळात मी शाळेपासून शेवटच्या रांगेतली. चेंडू अंगावर आला की डोळे मिटणारी. तेव्हा चेंडूच घेतले.

सुरुवात एका चेंडूने होते. डोळ्यांच्या थोडं वर जाईल असा एका हातातून दुसऱ्या हातात फेकायचा. हे कुणालाही जमतं. मग दोन. इथे गाडी अडते आणि भलतीकडेच अडते. पहिला चेंडू उजव्या हातातून वर जातो, तो डावीकडे येतोय हे दिसतं आणि डावा हात घाबरून आपला चेंडू वर फेकण्याऐवजी खालून उजव्या हातात सरकवून टाकतो. मी मनाशी ठरवायचे, आता नाही सरकवणार. आणि हात सरकवायचाच. तीन चेंडूंचं अवघडपण लोकांना दिसतं, पण खरी चढण एकावरून दोनवर येण्याची आहे. दोन चेंडूंची अदलाबदल नीट बसली की तिसरा त्या मानाने लवकर येतो.

हे कळलं तेव्हा मी माझे धडे काढून बसले आणि पाहायला लागले की कुठल्या धड्यात एकावरून दोनवर जाण्याची जागा कुठे आहे. पुस्तक ती जागा दाखवत नाही. पुस्तकात सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या छापलेल्या असतात. गतीच्या धड्यात मुलं अडतात ती मोठ्या समीकरणाशी नाही, त्याच्या कितीतरी आधी. वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जागी क्षणभर थांबतो, तेव्हा त्याचा वेग शून्य असतो. मग त्वरणही शून्य का नाही? इथे बऱ्याच मुलांचा हात गुपचूप चेंडू सरकवतो. सूत्र पाठ करून पुढे जातात आणि आपल्याला वाटतं, कळलं. आता मी त्या एका प्रश्नावर अख्खा तास घालवते आणि पुढची उदाहरणं भराभर उरकते.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. चेंडू पडतो तो झेलताना. त्यामुळे नवशिक्याला वाटतं, आपला झेल कच्चा आहे, आणि तो झेलण्याच्या मागे लागतो. हात पुढे करतो, वाकतो, चेंडूमागे चालत सुटतो. मीही खोलीभर चालत असे. प्रत्यक्षात बिघाड झालेला असतो फेकीत, म्हणजे अर्धा सेकंद आधी. फेक पुढे गेली म्हणून झेल पुढे गेला. त्यावर उपाय विचित्र वाटेल असा आहे: झेलूच नका. फेका आणि पडू द्या. चेंडू कुठे पडले ते पाहा. दोन्ही आपापल्या जागी पायांजवळ पडत असतील, तर झेल आपोआप येईल. भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की पुढे फेकण्याची सवयही मोडते, कारण भिंत लगेच सांगते.

वह्या तपासताना मला हे आठवत राहतं. उत्तर चुकलेलं दिसतं शेवटच्या ओळीत आणि आपण लाल फुली मारतो तीही तिथेच. मुलगा शेवटची ओळ खोडून पुन्हा करतो आणि पुन्हा चुकतो. फेक बिघडलेली असते तीन ओळी आधी, कधी कधी आकृती काढतानाच. म्हणून हल्ली मी फुली मारत नाही. "उत्तर बरोबर नाही. पहिली वाकडी ओळ कुठली ते तू शोध," असं लिहिते. काही मुलांना हा छळ वाटतो. एका मुलीने तसं तोंडावर सांगितलंही. पण बहुतेक जण शोधतात, आणि शोधताना शेजारच्याशी जी हुज्जत घालतात, ती मी कधीही योजून घडवू शकले नसते.

मार्कांचं इथेच सांगून टाकते. रूथ बटलर यांचं 1988 सालचं एक संशोधन शिक्षकांमध्ये बरंच बोललं जातं. काही मुलांना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरा, काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांची कामगिरी आणि गोडी वाढली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना मात्र शेऱ्याचा फायदा झाला नाही. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. आकडा दिसला की शेरा कोण वाचतो? चेंडू मला दहापैकी चार देत नव्हता. पडला, एवढंच सांगायचा, आणि पुन्हा फेकायला कुणाची परवानगी लागत नव्हती. मी त्याच्याकडे तासन्‌तास का परतत होते याचा विचार केला तेव्हा हीच दोन कारणं सापडली. काय झालं ते तिथल्या तिथे कळत होतं आणि पुढचा प्रयत्न स्वस्त होता. वर्गात नेमकं उलट असतं. मुलाने सोडवलेलं गणित बरोबर की चूक हे त्याला वही परत मिळेल तेव्हा कळतं. तोवर तो ते गणित विसरलेला असतो आणि दुसरा प्रयत्न करायची सोयही नसते.

म्हणून आता वर्गात चेंडू येतात, पण ते मुलांच्या हातात असतात. प्रश्न साधा असतो: चेंडू हातापासून 30 सेंटिमीटर वर फेकला तर हातात परत यायला ठरावीक वेळ लागतो. 60 सेंटिमीटर फेकला तर किती लागेल? आधी प्रत्येकाने अंदाज लिहायचा, मग फेकायचं. जवळजवळ सगळे लिहितात, दुप्पट. मोबाइलवर सेकंदाला 30 फ्रेमच्या वेगाने व्हिडिओ घ्यायचा, चेंडू हातातून सुटल्यापासून त्याच उंचीवर परत येईपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या. पहिल्या फेकीला 15 च्या आसपास येतात, म्हणजे अर्धा सेकंद. दुसरीला 30 यायला हव्यात, येतात 21. मग गडबड उडते. मोजणी चुकली, पट्टी तिरकी होती, हिने जास्त जोरात फेकला. पुन्हा फेकतात, पुन्हा मोजतात. मी काही बोलत नाही, कारण बोललं की त्यांचा वाद माझ्याशी सुरू होतो आणि चेंडू बाजूला राहतो. वेळ दुप्पट करायला उंची चौपट लागते, हे वाक्य फळ्यावर येतं तेव्हा ते त्यांनी आधीच भांडून मिळवलेलं असतं.

यातून नवशिक्याची एक चूकही उलगडते. घाई होतेय असं वाटलं की माणूस चेंडू उंच फेकतो, म्हणजे वेळ मिळेल. वेळ थोडाच मिळतो, पण फेकीचा कोन जरासा जरी चुकला तरी उंच फेक कितीतरी लांब जाऊन पडते. सौदा तोट्याचा.

क्लॉड शॅनन यांचं नाव संगणक शिकणाऱ्यांना माहीत असतं, 1948 च्या त्यांच्या लेखातून माहिती सिद्धांत, म्हणजे माहिती मोजण्याचं आणि पाठवण्याचं गणित, उभा राहिला. हा गृहस्थ एकचाकी सायकल चालवायचा, जगलिंग करायचा आणि त्याने जगलिंग करणारं यंत्रही बनवलं होतं. त्यांनी या खेळाचं एक सूत्र मांडलं. चेंडू हवेत असण्याची आणि हातात असण्याची वेळ मिळवा, तिला हातांच्या संख्येने गुणा. हात रिकामा असण्याची आणि भरलेला असण्याची वेळ मिळवा, तिला चेंडूंच्या संख्येने गुणा. दोन्ही बाजू सारख्या येतात. वर्गाला हे सूत्र मी परीक्षेसाठी देत नाही, अभ्यासक्रमात ते नाहीच. पण ज्यांनी फ्रेम मोजल्या आहेत ती मुलं त्यात आपले आकडे घालून बघतात, आणि न सांगता बघतात. अभ्यासक्रमाबाहेरचं आहे म्हणूनच कदाचित.

थांबण्याबद्दलही सांगायला हवं. दुसरा चेंडू फेकायचा तो पहिला चेंडू त्याच्या सर्वांत उंच जागी पोचल्यावर. नवशिका त्याच्या फार आधी फेकतो. पाव सेकंद थांबणं त्याला जिवावर येतं. मेरी बड रो या संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबले की उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात, "माहीत नाही" कमी होतं. प्रशिक्षणात हे मी ऐकलेलं होतं आणि मान डोलावून सोडूनही दिलं होतं. चेंडूने मात्र थांबायला लावलं. तरी सांगते, गप्प वर्गासमोर तीन सेकंद फार लांब असतात. दुसऱ्या सेकंदाला आपणच उत्तर देऊन टाकावंसं वाटतं, आणि एखादा हुशार हात वर असेल तर मोह आणखी वाढतो.

जगलिंगने मेंदू वाढतो का, असंही लोक विचारतात. 2004 साली 'नेचर'मध्ये एक छोटा अभ्यास आला होता. तीन महिने तीन चेंडूंचा सराव केलेल्या नवशिक्यांच्या मेंदूत, हलत्या गोष्टी टिपणाऱ्या भागात, करड्या द्रव्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. या बातमीचा पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही: सराव थांबवून तीन महिने झाल्यावर ती वाढ बरीच ओसरली होती. त्यामुळे जगलिंग करा, गणितात पैकीच्या पैकी मिळवा, असलं काही मी कुणाला सांगत नाही. तुम्हीही पालकसभेत सांगू नका.

आणि हो, सगळी मुलं गुंततात असं नाही. काहींना चेंडूशी देणंघेणं नसतं, काही घरचं असं काही डोक्यात घेऊन येतात की त्यापुढे 15 काय आणि 21 काय. एक मुलगा संपूर्ण तास फ्रेम मोजायच्या सोडून व्हिडिओ उलटा चालवून बघत बसला होता. वर जाणारा चेंडू आणि खाली येणारा चेंडू ओळखू येत नाहीत, म्हणाला. ते मी दुसऱ्या दिवशीच्या तासाला घेतलं. पण तो अपवाद. इतर वेळी जो नाही गुंतला तो नाही गुंतला.

तुम्ही काय शिकावं ते तुमचं तुम्ही ठरवा. अट एवढीच, की तुम्हाला ते अजिबात येत नसावं आणि चुकलं की ते तुमचं तुम्हालाच दिसावं. चेंडूच घ्यायचे असतील तर रबराचे नकोत, पडले की लांब पळतात. दाणे भरलेल्या कापडी पिशव्या पडतात तिथेच बसतात. पलंगासमोर उभं राहा म्हणजे सारखं वाकावं लागत नाही. रोज थोडा वेळ पुरतो, हात दमले की थांबा.

मी सध्या चारवर आहे. चाराची रीत वेगळीच असते. तिनात चेंडू दर फेकीला हात बदलतात, चारात प्रत्येक हात आपापले दोन सांभाळतो आणि चेंडू पलीकडे जात नाहीत. पाच घेतले की पुन्हा ओलांडतात. असं का, हे वर्गाने विचारलं तेव्हा मी तो प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. आतापर्यंत दोन उत्तरं आली आहेत. दोन्ही चूक आहेत, पण दुसरं पहिल्यापेक्षा बरंच चांगलं चूक आहे.