तुम्ही विचारलंत म्हणून: आता फॉस्टर का करत नाही?

‘घर मोकळं आहे, कुत्री तुमच्याकडे रमतात, मग आता का घेत नाही?’ असं कुणी ना कुणी विचारतंच. फॉस्टर म्हणजे दत्तक घर मिळेपर्यंत कुत्रा आपल्याकडे सांभाळणं. मी ‘वेळ नाही’ म्हणून सुटते. खोटं आहे. वेळ ढीगभर आहे.

भुऱ्या माझ्याकडे पाच आठवडे होता. सुरुवातीला इतका शहाणा, की मीच फुशारले. घाबरलेला कुत्रा शहाणाच वाटतो हो. खरा स्वभाव अंगणात रुळल्यावर बाहेर येतो. तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्या वाडग्याजवळून गेले आणि तो थिजला. तोंड वाडग्यातच, खाणं बंद, अंग लाकडासारखं ताठ, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी नजर. मग घशातून बारीक गुरगुर. मी ओरडले नाही. गुरगुर दटावून बंद केली तर भीती तशीच राहते, फक्त इशारा जातो, आणि पुढच्या वेळी कुत्रा थेट चावू शकतो. दुरून वाडग्यात काहीतरी जास्त आवडीचं टाकायचं, जमेल तसं अर्धं पाऊल जवळ सरकायचं. दोन आठवड्यांत आम्ही सहा पावलांवरून तीनवर आलो होतो.

कुत्री वाचवून दत्तक देणाऱ्या आमच्या ग्रुपला मी लिहून कळवलं: ‘वाडगं राखतो. लहान मुलं असलेल्या घरी नको.’ दत्तकाच्या पोस्टमध्ये छापून आलं: ‘मुलांशी छान जमतं.’ फोन केला, तर ग्रुप चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, ‘अगं, असं लिहिलं तर नेणार कोण? भेटीत सांगू ना.’

इथवर मी सगळ्यांना सांगते. पुढचं गिळते. ती पोस्ट मीही शेअर केली. वर बदाम टाकला. दोन पिल्लं रांगेत होती आणि मला भुऱ्याची जागा रिकामी हवी होती.

भुऱ्याला एका घराने दत्तक नेलं. नवव्या दिवशी त्या घरातल्या चार वर्षांच्या मुलाने खाली सांडलेला घास उचलून वाडग्यात टाकायला हात घातला. मदत करत होता तो. जखमेत इंजेक्शनं, मग रेबीजच्या लशीचे डोस. भुऱ्याला 10 दिवस नजरेखाली ठेवलं. तेवढ्यात कुत्रा ठणठणीत राहिला तर चावताना लाळेतून रेबीज गेला नाही असं धरतात. ठणठणीत राहिला. ग्रुपने मुलाच्या आईला सांगितलं, ‘फॉस्टरने काही कळवलंच नव्हतं.’ मी माझा मेसेज तारखेसकट ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत मला काढलं.

मग त्या आईचा फोन आला. ‘तुम्हाला माहीत होतं?’ मी हो म्हटलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही.

‘सगळे फुकट राबतात, हिशेब कसला मागता?’ हे पूर्वी मीच लोकांना ऐकवायचे. पगार नाही म्हणजे चूकही कुणाची नाही, फार सोयीचं होतं. पण रात्री दोनला उठून जखमी कुत्री उचलतात त्या ताईच, मी नाही. आणि खरं लिहिलं असतं तर भुऱ्याला कुणी नेलं असतं का? नसतंही. मग काय करायचं होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

कुत्रा परत आला तर राहणार कुठे, खर्च कुणाचा, आणि मी लिहिलेलं जसंच्या तसं पोस्टमध्ये जाणार का, एवढं कागदावर द्या. संध्याकाळी पिंजरा घेऊन येते. आजवर कुणी दिलेलं नाही.

भुऱ्या ‘बोर्डिंगला’, म्हणजे पैसे घेऊन कुत्री ठेवतात तिथे, आहे म्हणे. कुठल्या, म्हणून ताईंना विचारलं. उत्तर आलं, ‘तुझा आता काय संबंध?’