जिनिव्हातलं प्रशिक्षण: पुढे जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी

आंतरराष्ट्रीय सुरक्षा आणि वाटाघाटींवरच्या प्रशिक्षणासाठी जिनिव्हाला जाऊन आलो. पुढच्या तुकड्यांमध्ये जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहितोय.

आधी कागदपत्रं. निवडीचं पत्र आलं की लगेच फाइल हलवा. विभागाची मंजुरी, दक्षता विभागाचं ना-हरकत आणि परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी लागते. खर्च परदेशी संस्था करणार असेल, तर एफसीआरए (परदेशी देणग्या आणि आदरातिथ्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा) याच्या कलम ६ खाली गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगीही हवी. एक आल्यावर दुसऱ्याचं बघू, असं करू नका. सगळे अर्ज एकाच वेळी लावा. शेंगेन व्हिसाची वेळही आधीच घेऊन ठेवा.

वर्ग ‘मेझों द ला पे’ या काचेच्या इमारतीत होते. जिनिव्हा सेंटर फॉर सिक्युरिटी पॉलिसी ही स्विस सरकारने १९९५ साली उभी केलेली संस्था तिथेच आहे. विमानतळावरून शहराच्या मुख्य कॉर्नव्हँ स्टेशनला रेल्वेने काही मिनिटांत पोचता येतं, तिथून पुढे ट्राम. हॉटेलात उतरलात तर शहरातल्या बस-ट्रामचा पास मोफत मिळतो, तो मागून घ्या.

व्याख्यानं चांगली होती, पण खरं शिक्षण झालं ते सरावाच्या वाटाघाटींत. प्रत्येकाला आपला सोडून दुसराच देश दिला जातो आणि बंद पाकिटातून त्या ‘राजधानी’च्या सूचना येतात. मसुदा पडद्यावर असतो. ज्यावर एकमत नाही तो मजकूर चौकोनी कंसात. दुपारपर्यंत आमचे कंस कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेले. सगळे शब्दांवर तुटून पडले होते. तेवढ्यात बराच वेळ गप्प बसलेल्या एका नौदल अधिकाऱ्याने अध्यक्षांना विचारलं, “निर्णय एकमताने होणार की मतदानाने?” दालनाचा नूरच पालटला. एकमत असेल तर एकटा देशही मसुदा अडवू शकतो. मतदान असेल तर त्याला आधी मित्र जमवावे लागतात. त्या प्रश्नानंतर माझ्या शेजारच्या दोघांनी आपापली टिपणं बाजूला ठेवली आणि कोण कोणाबरोबर आहे याची यादी करायला घेतली.

हे आपल्या देशाने प्रत्यक्ष अनुभवलंय. सर्वंकष अणुचाचणी बंदी कराराचा मसुदा इथल्याच निरस्त्रीकरण परिषदेत तयार होत होता. परिषद एकमताने चालते. अरुंधती घोष तेव्हा भारताच्या राजदूत होत्या. ऑगस्ट १९९६ मध्ये भारताने तो मसुदा तिथे अडवला. मग तो न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत, जिथे मतदान चालतं, नेला गेला आणि १० सप्टेंबर १९९६ रोजी १५८ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला. पण तो लागू व्हायला ठरावीक ४४ देशांची मान्यता हवी आणि त्यात भारत आहे. भारतासह त्यातल्या काही देशांची मान्यता अजून नाही, म्हणून तो आजही लागू नाही. मला वाटतं, आपल्या प्रत्येक अधिकाऱ्याने हा घटनाक्रम तपशिलात वाचावा. कुठल्या मंचावर, कुठल्या नियमाने निर्णय होतो हे ओळखणं म्हणजे निम्मी रणनीती.

पॅले दे नासियों या संयुक्त राष्ट्रांच्या इथल्या मुख्य इमारतीतलं निरस्त्रीकरण परिषदेचं दालन शक्य असेल तर नक्की बघा. भिंतींवर आणि छतावर स्पॅनिश चित्रकार होसे मारिया सेर्ट यांची सोनेरी-तपकिरी चित्रं आहेत. छतावर पाच प्रचंड हात एकमेकांत गुंफलेले. आत जायला मूळ पासपोर्ट लागतो, आणि त्या काळात कुठली दालनं खुली आहेत हे आधी विचारून घ्या.

जाताना स्वतःच्या विभागातला एखादा जिवंत प्रश्न सोबत न्या. बंदरं, बियाणं, औषधं, सायबर, काहीही चालेल. या सगळ्यांचे धागे जिनिव्हात कुठे ना कुठे पोचतात. जागतिक व्यापार संघटना तिथेच आहे, आरोग्य संघटनाही. आपल्या तिथल्या स्थायी मिशनला (संयुक्त राष्ट्रांसाठीचं भारताचं कार्यालय) महिनाभर आधी मेल करून भेटीची वेळ मागा. चर्चा चॅटम हाउस नियमाने चालते: ऐकलेलं वापरता येतं, पण कोण बोललं हे सांगायचं नाही. म्हणून वहीत नावं लिहू नका, मुद्देच लिहा. आणि परतल्यावर द्यायच्या अहवालाचा कच्चा मसुदा तिथेच रोज संध्याकाळी थोडा थोडा करत राहा. एकदा कार्यालयात पाय ठेवला की तो मागेच पडतो.