धुण्याआधी बघायचं

मंगळवार, रात्री

विमानाचे भाग दुरुस्त करणाऱ्या आमच्या शॉपमध्ये नवा मुलगा आला की त्याला आधी खोलायला बसवतात. जोडणी, टेस्टिंग हे वरचं काम आणि खोलणं म्हणजे हमाली, असा समज आमच्याकडे पक्का बसलाय. मला तो कधीच पटला नाही. आकाशातून उतरलेला भाग जसाच्या तसा बघायला मिळतो तो फक्त खोलणाऱ्याला. पुढच्या प्रत्येकाच्या हातात तो धुऊन, रंग काढून, चकचकीत होऊनच जातो.

आमचं काम चाकं आणि ब्रेकचं. मुख्य चाक दोन हाफचं असतं, टाय बोल्टनी आवळलेलं. विमानावर असताना टायरमध्ये 200 पीएसआयच्या आसपास नायट्रोजन असतो, मोटारीच्या टायरच्या सहापट दाब. शॉपला येताना तो उतरवलेला असतो, तरी तसं धरून चालायचं नाही. व्हॉल्व्हचा कोअर काढायचा, गॅस पूर्ण गेल्याची खात्री करायची, टायरची कड रिमपासून सोडवायची आणि मगच बोल्टला पाना लावायचा. इथे घाई करणाऱ्याला मी बेंचवर उभं करत नाही.

नायट्रोजनच का, हे प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. 31 मार्च 1986 ला मेक्सिकानाचं बोइंग 727 मेक्सिको सिटीहून उडालं आणि डोंगरात कोसळलं. 167 माणसं गेली. ब्रेक तापला होता आणि टायरमध्ये साधी हवा भरलेली होती. हवेतल्या ऑक्सिजनमुळे टायर फुटला, त्याने इंधनाच्या आणि हायड्रॉलिकच्या नळ्या तोडल्या. हे ऐकल्यावर मुलं जरा गप्प होतात. व्हायलाच हवं.

आजचा मुलगा मूळचा अकोल्याकडचा, हात चपळ. चाक खोललं, सील काढलं, बेअरिंग उचललं आणि सरळ धुण्याच्या बास्केटकडे निघाला. म्हटलं, "थांब रे, आधी बघ."

"दादा, ग्रीसच तर आहे."

ग्रीसच बघायचं होतं. आतल्या बाजूला ते नेहमीच्या रंगाचं होतं, सीलच्या बाजूला मात्र पांढुरकं, दुधाळ. म्हणजे पाणी शिरलेलं. सील उजेडात धरलं तर त्याची कड एका ठिकाणी दुमडलेली. मग हबमधला कप, म्हणजे बेअरिंगचं बाहेरचं कडं, पुसून बॅटरी मारली. त्यावर राखाडी रेषा, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. त्याला म्हटलं, बेअरिंगचे रोलर धरून बघ. अंतर तंतोतंत जुळलं. चाक फिरत नसताना, विमान उभं असताना, पाणी आत होतं आणि प्रत्येक रोलरने आपल्या जागी गंजाची खूण सोडली होती.

कपवरच्या रेषा धुतल्यावरही सापडल्या असत्या, बेअरिंग आणि कप दोन्ही बाद झालेच असते. पण पाणी कुठल्या बाजूने आलं ते फक्त ग्रीस सांगत होतं. ते एकदा धुण्याच्या टाकीत गेलं की संपलं. मग पुढच्या वेळी तेच चाक, तीच तक्रार, आणि जो तो म्हणणार, बेअरिंगच खराब निघालं.

फोटो काढले, सील वेगळ्या पिशवीत टॅग लावून ठेवलं, जॉब कार्डवर लिहिलं. पाणी पावसाचं की विमान धुताना जोराच्या फवाऱ्याने गेलेलं, ते लिहिलं नाही. दिसलं तेवढंच लिहायचं, कारण शोधणं इंजिनिअरचं काम. पण त्याला शोधायला काहीतरी उरलं पाहिजे, आणि ते उरवणं आपल्या हातात असतं.

चाकातल्या फ्यूज प्लगचंही तसंच. त्यातला मिश्रधातू ठरावीक तापमानाला वितळून गॅस सोडतो, म्हणजे टायर फुटत नाही. वितळलेला प्लग नुसता बदलून भागत नाही, ते चाक किती तापलं होतं याची चौकशी व्हावी लागते. खोलणाऱ्याने पाहिलंच नाही तर ती सुरू कुठून होणार?

संध्याकाळी सुपरवायझरसाहेबांशी बोललो. टाकीच्या अलीकडे एक टेबल हवं, वर चांगला दिवा, पांढरा कागद अंथरलेला. त्या टेबलावरून गेल्याशिवाय एकही बेअरिंग बास्केटमध्ये जाणार नाही. ते म्हणाले, जागा बघतो. उद्या सकाळी मीच मोजून देतो.