आजोबांचं फुल तिकीट

बाबांचं कोल्हापूरचं तिकीट काढायला बसलं की घरात दरवेळी तोच विषय, रेल्वेची सिनिअर सिटिझनची सवलत. पुरुषांना 40 टक्के होती, मार्च 2020 मध्ये बंद झाली ती झालीच, आणि बाबांची साठी नेमकी त्यानंतर. परवा हे पुराण चालू असताना आत्या एकदम म्हणाली, "अरे, अण्णांना लढाईत पण कोणी सवलत दिली नव्हती."

अण्णा म्हणजे माझे आजोबा, रत्नागिरीकडचे, दुसऱ्या महायुद्धात मालवाहू जहाजावर खलाशी. एरवी जहाज मुंबईला लागलं की भाऊच्या धक्क्यावरून बोटीने घर गाठायचे, पण पावसाळ्यात बोटी बंद आणि कोकण रेल्वे यायला 1998 उजाडायचं होतं. मग सगळा वळसा घालायचा, मुंबईहून पुणं, इथं उतरून मीटरगेजची (अरुंद रुळांची) गाडी धरायची, मिरजेवरून कोल्हापूर आणि पुढं सर्व्हिस मोटारीने आंबा घाट उतरून खाली. पेट्रोलचं रेशनिंग, त्यामुळे मोटार कोळशाच्या गॅसवर, जरा चढ आला की पॅसेंजर उतरून ढकलणार (आत्या हे अगदी धापा टाकून दाखवते).

एकदा रात्रभर पुणे स्टेशनवर काढली त्यांनी. मग मिरजेच्या गाडीत मिल्ट्रीचे जवान सरकारी वॉरंटवर, म्हणजे सरकारच्या खर्चाने बसलेले आणि आजोबा फुल तिकीट काढून दाराशी स्वतःच्या ट्रंकेवर. अंगावर युनिफॉर्म नाही, म्हणजे साधा पॅसेंजर! टॉर्पेडो काही युनिफॉर्म बघून येत नव्हता. त्या युद्धात सहा हजारांच्या वर भारतीय खलाशी मेले आणि ब्रिटिशांचे तीस हजारांच्या वर.

तिकडे ब्रिटनमध्ये पण सुरुवातीला हीच तऱ्हा, 1941 पर्यंत तर जहाज बुडालं की खलाशाचा पगार त्याच दिवशी बंद व्हायचा, म्हणजे माणूस होडीत वल्ही मारतोय आणि पगार थांबलेला. साध्या कपड्यातला तरुण दिसला की लोक पळपुटा म्हणायचे म्हणून 1940 मध्ये कोटाला लावायला एमएन (मर्चंट नेव्ही, म्हणजे व्यापारी जहाजांचं दल) लिहिलेला छोटा बिल्ला दिला आणि पुढं घरी जायला रेल्वेत सवलतही मिळाली. आमच्या आजोबांना बिल्ला नाही आणि सवलतही नाही, आणि पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी.

मुंबईत मशीद बंदरला सेलर्स होममध्ये युद्धात मेलेल्या खलाशांचं स्मारक आहे. आजोबा परत आले म्हणून त्यांचं नाव तिथं नाही, पण आत्या म्हणते त्यांच्याबरोबरची दोन पोरं असणार. पाऊस संपला की तिला आणि बाबांना घेऊन जाणार आहे, डेक्कन क्वीनने, तीन फुल तिकिटं.