मुंबई बंदरात स्पीडबोटीने: सोलापूरहून जाणाऱ्यांसाठी

सोलापूरच्या माणसाला मुंबईचा समुद्र म्हटलं की मरीन ड्राइव्ह नाहीतर जुहू आठवतं. ती झाली पश्चिमेची बाजू. स्पीडबोटीची मजा आहे ती पूर्वेला, गेटवेसमोरच्या बंदरात. एका बाजूला मुंबई, पलीकडे उरण-अलिबागकडची जमीन आणि दक्षिणेला उघडा समुद्र. जमिनीचा असा आडोसा असल्यामुळे लाटा फार चढत नाहीत आणि बोटीला वेग घेता येतो.

आम्ही घरची मंडळी जानेवारीत गेलो. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री सोलापुरातून निघते आणि सकाळी सीएसएमटीला सोडते, या सफरीसाठी तिच्याइतकी सोयीची गाडी नाही. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा (बॅगांना कुलूप लागतं, ते घरूनच न्या) आणि टॅक्सीने गेटवे गाठा. अंतर अडीच-तीन किलोमीटर. गेटवेला तपासणी असते, तेव्हा मोठ्या बॅगा बरोबर नसलेल्याच बऱ्या.

सकाळीच जा, हे मी आग्रहाने सांगतो. सकाळी वारा मंद असतो आणि पाणी बरंचसं सपाट. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो, छोट्या छोट्या लाटा उठतात आणि बोट त्यांच्यावर आपटत चालते. तरण्या पोरांना ते आवडेलही, पण कंबरदुखीवाल्यांचे हाल होतात. भरती-ओहोटीही आधी पाहून ठेवा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरहून जास्त वर-खाली होतं. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर शेवाळ असतं. चामडी चपला आणि उंच टाचा नकोत, मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल घाला.

धक्क्यावर गेलात की माणसं बोलावू लागतात. घाई करू नका. भाडं अख्ख्या बोटीचं की माणशी, किती मिनिटांचं, कुठून कुठपर्यंत, हे सगळं बसण्याआधी ठरवा आणि पावती घ्या. बोटीवर किती माणसांची परवानगी आहे तेही विचारा. आणि लाइफ जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ ला याच बंदरात नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून प्रवासी बोट बुडाली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या उजनीत कुगाव-कळाशी बोट उलटली, ते घाव अजून ताजे आहेत. म्हणून जॅकेट अंगात घालून, सगळे पट्टे आवळूनच बसा. लहान मुलाला त्याच्या मापाचं जॅकेट मागा. मोठ्याचं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निसटतं. मापाचं मिळत नसेल तर ती बोट सोडून द्या.

आता खुद्द फेरी. धक्क्यापासून थोडं लांब जाईपर्यंत तांडेल बोट हळू चालवतो, कारण तिथे नांगरलेल्या होड्यांची दाटी असते. मोकळं पाणी लागलं की तो इंजिनाचा दांडा पुढे ढकलतो, बोटीचं नाक वर उठतं आणि पाठ सीटला चिकटते. ताशी चाळीस किलोमीटर म्हणजे पुणे रोडवर काहीच नाही. पण पाणी हाताच्या अंतरावर असताना तोच वेग दुप्पट वाटतो. माझी भाची पहिल्या वळणाला किंचाळली आणि लगेच म्हणाली, "काका, परत वळवायला सांगा ना!"

मी मात्र तांडेलाचा हातच पाहत बसलो. एक टग, म्हणजे मोठी जहाजं ओढणारी बोट, समोरून गेला, त्याच्यामागे लाटांची रांग आली. तांडेलाने वेग कमी केला, नाक जरासं तिरकं धरलं, बोट पहिल्या लाटेवर चढली, उतरली, दुसरीवर चढली. कुठेही दणका नाही. तिसरी लाट सरली तसा दांडा पुन्हा पुढे. सरळ लाटेवर घातली असती तर आम्ही सगळे सीटवरून उडालो असतो. असा माणूस मिळाला तर त्याला वेगासाठी डिवचू नका.

पुढच्या सीटवर उसळी सगळ्यात जास्त बसते, मागे कमी. वाऱ्याच्या बाजूला बसणारा भिजणार हे नक्की. फोन पाण्यापासून वाचवणाऱ्या पिशवीत घालून गळ्यात अडकवा, चष्म्याला दोरी लावा. खारं पाणी वाळलं की हातावर पांढरी पुटं दिसतात, म्हणून प्यायच्या पाण्याखेरीज तोंड-हात धुवायला एक बाटली वेगळी ठेवा. निघण्याआधी पोटभर खाऊ नका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी नंतरसाठी. मळमळलं तर फोनमध्ये न पाहता लांबच्या क्षितिजाकडे पाहावं.

एक गोष्ट आधीच ठरवून घ्या: परतताना गेटवेसमोर लांबवर दोन-चार मिनिटं बोट थांबवायची. १९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज इथे उतरला, त्याची आठवण म्हणून हे दार उभारलं आणि १९२४ मध्ये ते पुरं झालं. २८ फेब्रुवारी १९४८ ला शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून बाहेर पडली. हे दार पाण्याकडून येणाऱ्यासाठी आहे. रस्त्यावरून आपण त्याची पाठ पाहतो. पाण्यातून पाहिलं की कमान, शेजारचं १९०३ चं ताज आणि मागच्या उंच इमारती एका नजरेत येतात. मुंबई अशी मला आधी कधी दिसली नव्हती. मला तर वेगापेक्षा ही चार मिनिटंच जास्त मोलाची वाटली.

वाटेत नांगरलेली मालवाहू जहाजं, मिडल ग्राउंडचं छोटं बेट आणि पलीकडे घारापुरीचे डोंगर दिसतात. नौदलाच्या गोदीकडे कॅमेरा रोखू नका. हिवाळ्यात बोटीमागे कुरव पक्षी येतात, आपल्या उजनीवरही येतात तेच. लोक त्यांना गाठी-शेव टाकतात, तुम्ही टाकू नका.

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, ती जोडायची असतील तर वार पाहून तिकीट काढा. पावसाळ्यात गेटवेहून बहुतेक बोटी बंद असतात, तेव्हा जून ते ऑगस्ट हा बेतच करू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

गरोदर बायका, मणक्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेले, यांनी स्पीडबोटीत बसूच नये. माझ्या सासूबाईंना आम्ही बंदराची फेरी मारणाऱ्या मोठ्या लाकडी लाँचमध्ये बसवलं. ती सावकाश जाते, तिकीट स्वस्त, आणि गेटवे पाण्यातून तिथूनही तितकाच छान दिसतो. वरच्या मजल्यावर बसायचे वेगळे पैसे घेतात, ते खुशाल द्या.